मिटणाऱ्या आरशाचं वाङ्मय

मराठीत समीक्षेला तोटा नाही. कवितेवर समीक्षा आहे, कादंबरीवर आहे, समीक्षेवर समीक्षा आहे, आणि त्या समीक्षेवर चिडून संपादकांना लिहिलेली पत्रंही आहेत. पण एका ग्रंथाकडे अजून कोणी समीक्षक फिरकलेला नाही. हा ग्रंथ मिळवायला माणूस घराखालोखाल आयुष्यातली सगळ्यांत मोठी रक्कम मोजतो, त्यासाठी कर्ज काढतो, पाचसात वर्षं हप्ते फेडतो, आणि ग्रंथ मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसीचा कागद, टोलच्या जुन्या पावत्या आणि अर्धवट सोललेली लिमलेटची गोळी यांच्या संगतीत सोडून देतो. मोटारीबरोबर 'मालकासाठी' म्हणून जे जाडजूड पुस्तक मिळतं, त्याविषयी मी बोलतोय.

बी.कॉम. झालेल्या माणसाने समीक्षेच्या प्रांतात का शिरावं, असं कोणी विचारील. उत्तर तयार आहे. बँकेच्या काउंटरमागे बसून ज्याने वीसेक वर्षं हेड ऑफिसची सर्क्युलरं वाचली, आणि 'वाचलं' म्हणून खाली सह्याही केल्या, त्याच्याइतका रुक्ष गद्याचा व्यासंग मराठीच्या प्राध्यापकांनाही नसतो.

चारशे पानांचा सगळा ग्रंथ एका लेखात मावणार नाही. म्हणून त्यातलं एकच प्रकरण घेतो: विजेवर मिटणारे बाजूचे आरसे, आणि ते मिटेनासे झाले तर काय करावं. हेच प्रकरण निवडायला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीचा डावा आरसा संपावर गेला. किल्लीचं बटण दाबलं की उजवा कान शहाण्या मुलासारखा मिटायचा आणि डावा ताठ उभा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गाडी कुणाची तरी चाहूल घेतेय. आमच्या भागात हे परवडत नाही. पालघर स्टेशनसमोरची गल्ली घ्या, नाही तर बोईसरच्या बाजारातून तारापूरकडे जाणारा रस्ता घ्या; एम.आय.डी.सी.ची पाळी सुटली की कंपन्यांच्या बसेस, रिक्षा, भाजीच्या गाड्या आणि निवांत उभी असलेली एखादी गाय यांच्यामधून जी जागा उरते, ती इंचांत मोजावी लागते. पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधून माणूस आडवा होऊन सरकतो. अशा ठिकाणी मिटणारा आरसा ही चैन नव्हे.

तेव्हा मी पुस्तक बाहेर काढलं आणि तीन रात्री वाचलं. "अहो, वाचताय की पारायण करताय?" असं आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं. अभ्यासू माणसाचा घरात असाच सन्मान होतो.

प्रथम परंपरेविषयी. प्रत्येक ग्रंथामागे परंपरा असते, तशी आरशामागेही आहे. डोरोथी लेव्हिट नावाच्या इंग्रज बाईंनी १९०९ साली बायकांसाठी मोटारीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सल्ला दिला, की गाडीत एक हातआरसा ठेवावा. तोंडावरची धूळ पुसायला तर होतोच, पण मागून काय येतंय ते बघायलाही अधूनमधून वर धरावा. पुढे १९११ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. बाकीच्या गाड्यांत मागे बघायला शेजारी एक मेकॅनिक बसलेला. रे हॅरून एकटाच निघाला, आणि मेकॅनिकच्या जागी त्याने समोर आरसा लावला. शर्यत त्याने जिंकली. पुढे मात्र त्याने सांगून टाकलं, की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीच दिसत नव्हतं. पावसाळ्यात बोईसर-चिल्हार रस्त्याने गेलेल्या कोणाही माणसाला हॅरूनसाहेबांविषयी आपुलकी वाटल्याशिवाय राहणार नाही.

आरसा विजेवर मिटायला लागला तो जपानात, १९८४ सालच्या निसान लॉरेल गाडीत. त्या सुमाराला आपल्याकडे आरसा मिटण्याचा प्रश्न नव्हता, कारण पुष्कळ गाड्यांना डावा आरसाच नसे. डावीकडचं बघायला शेजारी बसलेला नातेवाईक असे. "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या... बास!" हे 'बास' नेहमी धडक बसल्यावर यायचं, तो भाग वेगळा. अगदी २००९ साली आलेल्या नॅनोच्या सगळ्यांत स्वस्त मॉडेललाही डावा आरसा नव्हता. तात्पर्य, ज्या देशात डावा आरसा ही जादा सोय होती, तिथे तो आता बटणावर मिटतो. प्रगती झाली हे समीक्षकाने मान्य केलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष प्रकरणाकडे वळू. शीर्षकातच लेखकाच्या तत्त्वज्ञानाचं दर्शन होतं. 'विजेवर मिटणारे आरसे', आणि पुढे कंसात 'असल्यास'. हा 'असल्यास' ग्रंथभर आहे. दिवे, असल्यास. पंखा, असल्यास. गाडी आमची, हप्ते आमचे, आणि तिच्यात काय आहे आणि काय नाही याबद्दल लेखकच साशंक. ब्रह्म आहे की नाही या वादात आपल्या आचार्यांनी इतका सावधपणा दाखवला नव्हता. कारण व्यावहारिक आहे, ते मला कळतं: स्वस्त, मध्यम आणि महाग अशा तिन्ही मॉडेलांना एकच पुस्तक छापलं की छपाई वाचते. पण मग स्वस्त मॉडेलवाल्याने पानोपानी आपल्याकडे काय नाही याचीच यादी वाचायची. गरिबीची जाणीव करून देणारं इतकं प्रभावी लेखन आपल्या वास्तववादी कथाकारांनाही साधलेलं नाही.

कथानक थोडक्यात असं. बटण दाबलं की आरसे मिटतात. पुन्हा दाबलं की उघडतात. मग इशारे सुरू होतात. आरसा हाताने मिटवू नये. बटण सारखंसारखं दाबू नये. आरशावर बर्फ जमलं असेल तर तो चालवू नये. आमच्या तालुक्यात बर्फ असतं ते सातपाटीला, तेही पापलेटाच्या अंगावर, आणि २०२३ साली राज्यमासा म्हणून जाहीर झाल्यापासून पापलेट स्वतःच आरशाकडे बघायला तयार नसेल. मात्र आमच्या आरशांना जे खरोखर होतं, त्याचा उल्लेख नाही. सातपाटी, मुरबे, नवापूर, चिंचणी या किनाऱ्यावरची खारी हवा तारांच्या टोकांना हिरवट थर चढवते. पावसाचं पाणी कवचात शिरतं. कवचात कोळी संसार थाटतात, म्हणजे आठ पायांचे. हे सगळं वगळून लेखक बर्फावर का रमला असावा? वाचक कुठे राहतो याचा त्याने विचारच केला नाही, इतकंच त्यावरून कळतं.

आणि शेवट? शेवट वाचून मी पुस्तक मिटलं. ते मात्र हाताने मिटतं. 'आरसा चालत नसल्यास अधिकृत सेवाकेंद्राशी संपर्क साधावा.' बास. जुन्या संगीत नाटकात गुंता सुटेनासा झाला की शेवटच्या अंकात कोणी तरी साधू येऊन सगळ्यांची लग्नं लावून देत असे. इथे तो साधू प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी येतो, आणि लग्नाचा खर्च आपल्याकडून घेतो.

आम्हा बँकवाल्यांना ही युक्ती चांगली ओळखीची आहे. एखादी रक्कम कोणत्या खात्यावर टाकायची ते कळलं नाही, की ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. खातं सोयीचं असतं. पण ज्या शाखेत सगळंच सस्पेन्समध्ये जातं, त्या शाखेत ऑडिटर चहासुद्धा घेत नाही. या पुस्तकातलं 'सेवाकेंद्राशी संपर्क साधावा' हे असंच सस्पेन्स खातं आहे.

दोष काढायचा तर चांगलं कशाला म्हणतो तेही समीक्षकाने सांगावं. दोष कसा शोधावा याचं उत्तम प्रकरण मी वाचलेलं आहे, आणि ते कॉमर्सच्या मुलांना अकरावीत लागतं: पुस्तपालनातलं 'चुकांची दुरुस्ती'. तेरीजपत्रकाच्या दोन बाजू जुळत नाहीत, तेव्हा ते प्रकरण तुम्हाला अधिकृत सनदी लेखापालाकडे पाठवत नाही. ते सांगतं, आधी फरक किती आहे ते बघ. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोध. जमेची रक्कम नावे पडली असेल तर फरक दुप्पट येतो. फरकाला नवाने भाग जातो का बघ. जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते. ६३ च्या जागी ३६ लिहिलं की फरक येतो २७, आणि २७ ला नवाने भाग जातो. पुस्तपालनाचं पुस्तक कोणी प्रेमाने वाचत नाही, पण सोळा वर्षांच्या पोराला ते एक थोर गोष्ट शिकवतं: चूक स्वतःच आपला पत्ता सांगते, फक्त तिला नीट विचारता आलं पाहिजे.

आरशाला हेच लागू पडतं, आणि हे मला पुस्तकाने सांगितलं नाही. आमच्या सेवाकेंद्रानेही नाही. तिथे एका टापटीप तरुणाने आरसा न उघडता सांगितलं, की सगळा आरसाच बदलावा लागेल, आणि रक्कम अशी सांगितली की मी ती दोनदा, एकदा आकड्यांत आणि एकदा अक्षरी, लिहून घेतली. म्हणून गाडी बोईसरला नवापूर रस्त्यावरच्या एका इलेक्ट्रिकवाल्याकडे नेली. मिस्त्रींनी हात पुसले आणि पहिला प्रश्न विचारला.

"साहेब, आवाज येतो का?"

"कसला?"

"आरशाचा हो. बटण दाबल्यावर आतून घुर्र होतं का?"

होत नव्हतं. दुसरा प्रश्न, दोन्ही बंद की एकच? एकच. तिसरा प्रश्न त्यांनी मला विचारलाच नाही. मला बटण दाबत राहायला सांगून ते डावं दार हळूहळू उघडमीट करू लागले. दार अर्धं असताना आरसा एकदम दचकला आणि पुन्हा गप्प झाला. "सापडला," मिस्त्री म्हणाले.

तीन प्रश्न. पुस्तकाच्या त्या प्रकरणात प्रश्नचिन्ह एकही नाही, हे मी घरी जाऊन तपासलं.

आता या तीन प्रश्नांमागचं शास्त्र बघा. दोन्ही आरसे बंद असतील तर दोष दोघांच्या सामाईक मालमत्तेत: फ्यूज, बटण, नाही तर किल्ली योग्य जागी फिरवलेली नाही. एकच बंद असेल तर फ्यूज आणि बटण बहुधा निर्दोष सुटतात, कारण दुसरा आरसा त्यांच्याच जिवावर चाललेला असतो. संशय उरतो त्या बाजूची तार, जोडणी आणि मोटर यांच्यावर. घुर्र होतं पण आरसा हलत नाही, म्हणजे वीज पोचते, दाते झिजलेत किंवा निसटलेत. घुर्रही नाही, म्हणजे वीजच पोचत नाही. आणि दार हलवल्यावर जीव येतो-जातो, म्हणजे दार आणि गाडी यांच्यामधल्या रबरी नळीत तार तुटलेली आहे. बरोबरच आहे, दार उघडलं-मिटलं की तार तिथेच वाकते, दिवसातून दहादा, वर्षानुवर्षं. मिस्त्रींनी नळी सरकवली, हिरवट पडलेली तार काढून दाखवली, नवा तुकडा डाख देऊन जोडला. झालेल्या खर्चात सेवाकेंद्राच्या अंदाजपत्रकावरचा करसुद्धा निघाला नसता.

पुस्तकातल्या मुक्या इशाऱ्यांनाही असाच अर्थ आहे, तोही मिस्त्रींनीच उलगडला. आरशाच्या कवचात खेळण्यातल्यासारखी लहानशी मोटर असते. तिच्यापुढे दातेरी चक्रांची माळ असते. ती वेग कमी करते आणि जोर वाढवते. बुडाशी स्प्रिंगने दाबून धरलेल्या खाचा असतात, म्हणजे बाहेरून धक्का बसला तर आरसा मोडण्याऐवजी खाचेतून निसटून वळावा. हाताने मिटवला तरी तो असाच निसटतो. मग मोटरच्या हिशेबी आरसा एका जागी आणि प्रत्यक्षात दुसऱ्या जागी. पासबुक आणि लेजर जुळत नाही. आरसा लुळा पडून खडखडतो. बहुतेक गाड्यांत यावर उपाय सोपा असतो: बटणानेच एकदा मिटवून उघडावा, 'खट' आवाज येतो, खाच बसते, रिकन्सिलिएशन पूर्ण. पाहुण्यांच्या पोरांनी गाडीचे कान आठदहा वेळा हलवून बघितले आणि आरसा थांबला, तर तो बिघडलाच असं नाही. पुष्कळ गाड्यांत तापलेली मोटर जळू नये म्हणून वीज आपोआप तुटते. जरा वेळ जाऊ द्यावा. 'हाताने मिटवू नये' आणि 'सारखं दाबू नये' या दोन आज्ञांमागे इतकी रंजक कथा असताना लेखकाने फक्त आज्ञा छापल्या. शिवाय आरसा मी हाताने मिटवणार नाही हो. पण शेजारून घासून जाणाऱ्या रिक्षाने पुस्तक कुठे वाचलंय?

इथे कोणी म्हणेल, एका आरशासाठी एवढी आदळआपट कशाला? आरसा निमित्त आहे. जुन्या फियाटबरोबर, स्कूटरबरोबर येणाऱ्या पुस्तिकांत स्पार्क प्लगच्या फटीचं माप असायचं, ती कशी साफ करावी त्याचं चित्र असायचं. मालकाला कळेल आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही कळेल असं गृहीत धरून ती लिहिलेली असत. आता माहिती आत आणि वाचक बाहेर. हे मी वैतागून म्हणतोय असं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांच्या वर दंड सुनावला. ठपका असा, की सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि दोष शोधायची उपकरणं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणी मिळू दिली जात नाहीत. प्रकरण पुढे अपिलात गेलं, जसं आपल्याकडे जातं. मग जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, आणि तिने प्रथम निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणं यांच्याबरोबर मोटारीही आहेत. म्हणजे न सांगितलेल्या वाक्यांची किंमत असते. ती कधी मालकाच्या खिशातून जाते, कधी मिस्त्रींच्या गल्ल्यातून. आजचा दोष कानाने सापडला. उद्याचा कानाने नाही सापडला, तर त्यांच्या तीन प्रश्नांना उत्तर देणारी माहिती कुलपात असेल, आणि एक हुशार माणूस नाइलाजाने म्हणेल, "साहेब, कंपनीतच दाखवा."

लेखकावर अन्याय नको म्हणून दुसरी बाजूही मांडतो. आजच्या दारात तारांचं जाळं असतं; काही गाड्यांच्या आरशात कॅमेरा असतो, काचेला ऊब देणारी तार असते, आणि एअरबॅगच्या तारेत कोणी हौशी माणसाने टेस्टर खुपसला तर गंमत राहणार नाही. सगळंच मालकाने उघडून बघावं असं मीही म्हणत नाही. काय उघडू नये आणि का, तेही सांगा, इतकंच. लेखकाला ते येत नाही असंही नाही. फ्यूजच्या पानावर त्याने लिहून ठेवलंय, की ठरलेल्यापेक्षा जास्त अँपिअरचा फ्यूज बसवू नये; फ्यूज वितळण्याआधी तार तापेल आणि आग लागू शकेल. हे वाक्य मला फार आवडलं. आज्ञा आहे, कारण आहे, परिणाम आहे, आणि वाचक शहाणा आहे असा विश्वास आहे. हे वाक्य वाचलेला माणूस जाड तारेचा तुकडा फ्यूजच्या जागी कधी कोंबणार नाही. नुसत्या 'बसवू नये'वर तो नक्की कोंबेल, विशेषतः रात्री, पावसात, मनोरच्या अलीकडे.

या सबंध मोटारीत मला सगळ्यांत थोर वाटलेलं वाक्य मात्र पुस्तकात नाहीच. ते डाव्या आरशाच्या काचेवर खाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं आहे: आरशातल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. काच बहिर्गोल असते, म्हणून रस्ता जास्त दिसतो. पण वस्तू लहान दिसतात, आणि लहान म्हणून लांब वाटतात. आरशाने स्वतःचा दोष स्वतःच्या कपाळावर लिहून घेतलाय. तो वाचून आजवर कोणी आरसा उपटून फेकला नाही की कंपनीवर दावा ठोकला नाही. उलट माणूस सावध होतो, आणि आरशावरचा त्याचा विश्वास वाढतो.

तेव्हा पुढच्या आवृत्तीच्या लेखकांना एवढीच विनंती, की प्रकरण लिहायला बसण्यापूर्वी त्यांनी एकदा गाडीत बसून डावीकडे बघावं. आरसा उघडा असल्यास.